मलबारच्या वनस्पतिग्रंथांतील दोन दाखले

कोचीचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हान रेडे यानें सिद्ध करविलेला ‘होर्तुस मालाबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ आम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत १२ खंडांत छापला गेला. त्याची थोरवी सांगतात ती बहुधा त्यांतील ७०० हून अधिक चित्रांसाठीं, किंवा लिनेअसनें इ. स. १७५३ च्या आपल्या ग्रंथांत त्याचा आधार घेतला म्हणून. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो पहिल्या खंडाच्या आरंभीं छापलेल्या दोन देशी दाखल्यांचा.

दोन्ही दाखले इ. स. १६७५ च्या एप्रिल महिन्यांतील आहेत. पहिला इट्टी अच्युतन या वंशपरंपरागत मलबारी वैद्याचा. तो आपलें घर व गांव सांगून लिहितो कीं, वनस्पतींचे गुण व उपचार आपल्या घरच्या ग्रंथांवरून जसे ज्ञात आहेत तसे आपण कंपनीचा दुभाषी मानुएल कार्नेरो यास उलगडून सांगितले. दुसरा रंग भट, विनायक पंडित व आपु भट या तिघा ब्राह्मणांचा; भाषा कोंकणी, लिपि नागरी. आपण सुमारें दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ हें काम केलें, असें ते सांगतात व महानिघंटु या ग्रंथाचा आधारही नमूद करतात. भाषाभ्यासक या लेखाकडे कोंकणीचा जुना नमुना म्हणून पाहतात. त्यांत ग्वाही कशाची दिली आहे हें वाचण्याचे श्रम मात्र थोडेच घेतात. ग्वाही आहे ती ज्ञानाच्या स्वामित्वाची. तत्पूर्वीं इ. स. १५६३ त गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादांत मालुपा नामक हिंदु वैद्य येतो खरा, पण तो ग्रंथकाराच्या मुखानेंच बोलतो. मलबारचे वैद्य स्वहस्ताक्षरानें बोलतात.

या ग्वाहीचें मोल आमच्या काळांत न्यायाच्या तराजूंत कसें तोललें गेलें, हें हळदीच्या प्रकरणांत दिसलें. दि. २८ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेंत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर पेटंट देण्यांत आलें. आपल्याकडे पोराचें बोट कापलें कीं आजी प्रथम हळदीचा डबा उघडते! पण त्या वेळच्या अमेरिकन कायद्यांत परदेशांतील नुसता वापर पूर्वज्ञान म्हणून गणला जात नसे. तें पूर्वीं छापून प्रसिद्ध झालेलें असावें लागे. हा भेद तेथें इ. स. २०१३ पर्यंत टिकून होता. तेव्हां वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, मूळचे गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असतां, ३२ आधार सादर केले. त्यांत संस्कृत व उर्दू ग्रंथ होते, तसा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतील १९५३ चा लेखही होता. इ. स. १९९७ त तें पेटंट रद्द ठरलें. आजीचा डबा तेथें निरुपयोगी होता. पोथी उपयोगी पडली.

एवढ्यावरून जें सांपडेल तें छापून टाकावें असें कोणी म्हणेल, तर आम्ही त्याशीं सहमत नाहीं. अगस्त्यमलयांतील काणी लोकांनीं इ. स. १९८७ त संशोधकांस ‘आरोग्यपच्चा’ ही वनस्पति दाखविली. तिजपासून ‘जीवनी’ हें औषध सिद्ध झालें, १९९५ त त्याच्या निर्मितीचा परवाना दिला गेला, आणि शुल्क व स्वामित्वधन यांचा अर्धा भाग काणी लोकांसाठीं ठरला. तें ज्ञान आधींच कोणी छापून टाकलें असतें तर त्यांस काय मिळालें असतें? जैवविविधता कायदा २००२ चा; त्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनें ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास पूर्वसूचनेच्या व लाभ वांटून देण्याच्या बंधनांतून सूट दिली आहे. म्हणजे लेखणी परक्याच्या मक्तेदारीस अडविते, आणि तीच जाणत्याचा वांटाही बुडविते.

म्हणून संग्राहकांनीं दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या. जुन्या वैद्यांचीं मोडी-बाळबोध बाडें, जीं आम्ही सनदांच्या व महजरांच्या शोधांत बाजूस सारतों, तीं नोंदून प्रसिद्ध करण्यांत विलंब नको. हयात वैदूनें किंवा ठाकर-कातकरी जाणत्यानें सांगितलेलें औषध मात्र त्याच्या व त्याच्या समाजाच्या संमतीवांचून छापूं नये. संमति मिळाल्यास त्याचें नांव-गांव इट्टी अच्युतनाप्रमाणें लेखांतच यावें.

सूचींत ‘औषधांचें बाड, अपूर्ण’ एवढें लिहून भागत नाहीं. लेखक, शक, गांव, आणि विशेषतः झाडांचीं नांवें जशीं लिहिलीं असतील तशींच द्यावीं. संस्कृत शिकलेल्या आमच्यासारख्यांस येथें मोह होतो: बाडांत ‘कुडा’ दिसला कीं हात ‘कुटज’ लिहावयास जातो. व्हान रेडेच्या चित्रांवर रोमन, मलयाळम, अरबी व नागरी अशा चार लिप्यांत नांवें कोरलेलीं आहेत; नागरींतील नांव पाहून आजही कोंकणांतला मनुष्य कित्येक झाडें ओळखूं शकतो.