जाहीर भाव आणि पक्का सौदा : चांदा-गडचिरोलीच्या वनव्यापारातील एक विचार

एखाद्या व्यापाऱ्याने वृत्तपत्रात आपल्या मालाची किंमत छापली, छपाईत एक आकडा चुकला, आणि ती किंमत वाचून ग्राहक दारी येऊन उभा राहिला, तर त्या चुकलेल्या किमतीस माल देणे व्यापाऱ्यास भाग आहे काय? आज हा प्रश्न बहुधा मोटारगाड्यांच्या विक्रेत्यांसंबंधी विचारला जातो. कारण तेथे किमती मोठ्या असतात व एक अंक चुकला तरी लाखांचा फरक पडतो. परंतु प्रश्नाचे मूळ मोटारगाडीत नाही. जाहीर केलेला भाव हे वचन होय की नुसते आमंत्रण, आणि चुकीचा भार कोणी सोसावयाचा, हे त्याचे खरे स्वरूप आहे. विदर्भाच्या पूर्वेकडील वनप्रदेशात, म्हणजे पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, हाच प्रश्न सागवान, बांबू आणि तेंदूपान यांच्या रूपाने पुनःपुन्हा उपस्थित झाला. त्याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच प्रदेशाच्या राजकीय स्थित्यंतरांची नोंद करणे इष्ट होईल. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले व १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन चांदा त्यात गेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्यानंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आला. पुढे जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. राज्ये बदलली तरी वनव्यापाराची घडी फारशी बदलली नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

१. आठवडी बाजार आणि १८७२ चा कायदा

अरण्यातील आठवडी बाजारात जाहीर किंमत अशी वस्तूच नव्हती. मोहफूल, चारोळी, डिंक, मध हा माल मापाने जाई, आणि त्याच्या मोबदल्यात पुष्कळदा मीठ किंवा कापड येई. भाव तोंडी ठरे व त्याच क्षणी संपे. अशा व्यवहारात किंमत चुकीची छापली जाण्याचा संभव नव्हता. फसवणूक होई ती मापात. पायली कोणाची आणि ती कशी भरली, यावर खरा भाव अवलंबून असे.

१८७२ चा भारतीय करार कायदा हा निराळ्या बाजाराचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. त्यात प्रस्ताव आणि स्वीकार या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रस्ताव करणाऱ्याने दुसऱ्याची संमती मिळविण्याच्या हेतूने आपली तयारी दर्शविली पाहिजे, आणि दुसऱ्याने ती जशीच्या तशी मान्य केली पाहिजे. नुसता भाव सांगणे म्हणजे प्रस्ताव नव्हे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८९३ च्या हार्वी विरुद्ध फेसी या खटल्यात दृढ झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मॅकफर्सन विरुद्ध अप्पन्ना या प्रकरणी तेच तत्त्व लावले. कुर्गमधील एका बंगल्याच्या मालकाने दहा हजार रुपयांहून कमी घेणार नाही असे कळविले होते. तेवढ्यावरून दहा हजारांत विकण्याचा प्रस्ताव झाला असे होत नाही, असा निर्णय झाला. दुकानाच्या काचेआड मांडलेली किंमत, सूचीपत्रातील दर आणि वृत्तपत्रातील जाहिरात ही सारी सर्वसाधारणपणे याच वर्गात मोडतात. ग्राहकाने पुढे येऊन मागणी करावी, यासाठी ती आमंत्रणे असतात.

२. चूक कोणती आणि कोणाची

तथापि सौदा पक्का झाल्यावर चूक उघडकीस आली तर काय, हा प्रश्न उरतोच. करार कायद्याची उत्तरे येथे बारकाईने वाचावयास हवीत. कराराच्या गाभ्याशी असलेल्या वस्तुस्थितीबाबत उभयपक्षी चूक असेल तर विसाव्या कलमान्वये करार शून्य ठरतो. एकाच पक्षाची चूक असेल तर बाविसाव्या कलमान्वये केवळ तेवढ्या कारणाने करार मोडता येत नाही. विसाव्या कलमाला जोडलेले स्पष्टीकरण आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे : वस्तूच्या मूल्याविषयीचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीची चूक मानली जात नाही. म्हणजे आकडा लिहिताना हात चुकणे वेगळे, आणि बाजाराचा अंदाज चुकणे वेगळे.

हात चुकल्याचे उत्तम उदाहरण १९३९ च्या हार्टॉग विरुद्ध कॉलिन अँड शील्ड्स या इंग्रजी खटल्यात सापडते. अर्जेंटिनातील सशांच्या तीस हजार कातड्यांचा सौदा होता. व्यापाराचा रिवाज व आधीची बोलणी नगावर चाललेली असता विक्रेत्याने दर पौंडावर लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत असल्याने किंमत एकतृतीयांशावर आली. विक्रेत्याची चूक खरेदीदाराच्या लक्षात आलीच असली पाहिजे, आणि लक्षात आलेली चूक झडप घालून पदरात पाडून घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

मोटारगाडीच्या बाबतीत हाच विचार कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये केला. एका विक्रेत्याची जुनी जॅग्वार गाडी ३७,९९५ डॉलरऐवजी २५,९९५ डॉलरला जाहिरातीत छापली गेली होती. चूक वृत्तपत्राच्या कार्यालयात झालेली होती. त्या राज्यात वाहनविक्रेत्यांनी जाहीर किमतीस गाडी विकलीच पाहिजे असा विशेष कायदा असल्याने न्यायालयाने ती जाहिरात प्रस्ताव मानली व ग्राहकाने पैसे देऊ करताच करार झाला असेही म्हटले. परंतु प्रामाणिक चुकीमुळे अशी किंमत लादणे अन्यायाचे होईल म्हणून विक्रेत्याची त्यातून मुक्तता केली. जाहीर किंमत बंधनकारक असणे आणि तिच्यातील चूक क्षम्य असणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या निर्णयाने दाखविले.

मापाच्या एककातून उद्भवणारी चूक वनव्यापारात नवी नाही. बांबू नगावर, बंडलावर आणि टनावर मोजला जातो. तेंदूपानाची प्रमाण गोणी सर्वत्र एक हजार पुड्यांची. पण महाराष्ट्रात पुडा सत्तर पानांचा, तर मध्य प्रदेश व छत्तीसगड येथे पन्नास पानांचा. अर्थात महाराष्ट्राच्या गोणीत सत्तर हजार पाने व शेजारच्या गोणीत पन्नास हजार. ज्या जिल्ह्याची सीमा छत्तीसगडला भिडलेली आहे, तेथे गोणीचा दर ऐकताना गोणी कोणती हे विचारणे अगत्याचे ठरते.

३. लिलावातील एकतर्फी बंधन

सागवानाचे विक्री आगार आणि कूपांचे लिलाव ही चांदा जिल्ह्याच्या वनव्यापाराची मुख्य अंगे. आलापल्लीच्या परिसरातील साग व बल्लारशाहचे आगार ही नावे देशभरच्या लाकूड व्यापाऱ्यांस परिचित आहेत. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली लावणाऱ्यास आपली बोली मागे घेता येते, व हातोडा पडताच विक्री पूर्ण होते. पण सरकारी लिलावाच्या शर्तींत वरिष्ठांच्या मंजुरीची अट असते, आणि सर्वोच्च बोली स्वीकारण्यास शासन बांधील नसते. शिवाय संविधानाच्या २९९ व्या अनुच्छेदानुसार शासनाचा करार राज्यपालांच्या नावे, विहित रीतीने व्हावा लागतो.

याचा परिणाम काय होतो, हे बिहारमधील बांबूच्या कूपासंबंधीच्या हरिद्वार सिंग विरुद्ध बागुन सुंब्रुई या १९७२ च्या निर्णयातून दिसते. राखीव किंमत ९५,००० रुपये होती. सर्वोच्च बोली ९२,००१ रुपयांची लागली व विभागीय वनाधिकाऱ्याने ती मंजुरीच्या अधीन राहून घेतली. पुढे बोली लावणाऱ्याने राखीव किंमत देण्याची तयारी दाखविली. तोच दुसऱ्याने १,०१,१२५ रुपये देऊ केले आणि कूप त्यास गेले. पहिल्या बोलीदाराशी करार पूर्ण झालाच नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. स्वतः राखीव किंमत ठरविणाऱ्या शासनास त्या किमतीचे बंधन नव्हते.

हा नियम शासनावरही उलटतो हे खरे. मध्य प्रदेश राज्याविरुद्धच्या के. पी. चौधरी प्रकरणात १९६६ मध्ये जंगलाच्या ठेक्याची बोली लावून मागे सरलेल्या ठेकेदाराकडून फेरलिलावातील तूट वसूल करता येईना, कारण विहित करारच झालेला नव्हता. मात्र या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे : दोन्ही पक्ष वकील करू शकणारे होते. कूपात बांबू तोडणारा मजूर या चित्रात कोठेच नाही.

४. जाहीर करणाऱ्यासच बांधणारा भाव

आमंत्रणाचे तत्त्व न्याय्य वाटते ते एका गृहीतकामुळे. ग्राहकास एक दुकान सोडून दुसऱ्यात जाता येते, हे ते गृहीतक होय. जेथे खरेदीदार एकच आहे तेथे ते टिकत नाही. तेंदूपानाच्या हंगामात, एप्रिल-मेच्या उन्हात, फळीवर पुडे घेऊन आलेल्या बाईला दुसरी फळी शोधण्याची सवड नसते. तोडलेले पान फार दिवस थांबत नाही.

येथे कायद्याने दिशा बदलली. ओरिसाने १९६१ मध्ये केंदूपानाचा व्यापार शासनाच्या हाती घेतला व सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. मध्य प्रदेशने १९६४ मध्ये तोच मार्ग धरला, आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये वन उत्पादनाच्या व्यापाराचे विनियमन करणारा अधिनियम केला. या धर्तीच्या कायद्यांत दर हंगामासाठी खरेदीचा दर ठरवून प्रसिद्ध करावयाचा असतो. पुढे आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ मध्ये झाली व १९७६ च्या अधिनियमाने धान्य व वनोपज यांची एकाधिकार खरेदी आली. प्रसिद्ध झालेला दर येथे आमंत्रण राहत नाही. जाहीर करणाऱ्यानेच तो पाळावयाचा असतो. योग्य प्रतीचा माल आणणाऱ्यास तेवढे पैसे मिळालेच पाहिजेत, अशी ही व्यवस्था आहे.

व्यवहारात ही व्यवस्था कोठे ढळली हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. येथे तत्त्वापुरते एवढेच सांगावयाचे की, ज्यास घासाघीस करता येते त्याच्यापुढील जाहीर भाव कायद्याने सैल ठेवला, आणि ज्यास ती करता येत नाही त्याच्यापुढील जाहीर भाव पक्का केला. बंधनाची कसोटी छापील आकड्यात नसून ऐकणाऱ्याच्या स्थितीत आहे.

५. ग्रामसभा विक्रेती झाल्यावर

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू व तेंदूपान ही गौण वनोपजे ठरली व त्यांच्या विक्रीचा अधिकार ग्रामसमूहांकडे आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा स्वतः निविदा काढून माल विकू लागल्या. शतकभर भाव ऐकणारा पक्ष आता भाव पुकारणारा झाला.

भूमिका बदलल्याने प्रश्नही बदलतो. तेजीत चढी बोली लावणारा ठेकेदार मंदी येताच दर चुकल्याची तक्रार करू लागला तर? विसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणाचे येथे खरे मोल कळते. त्याची चूक मूल्याच्या अंदाजातील आहे, वस्तुस्थितीची नाही. तिच्यासाठी गावाने आपला हक्काचा पैसा सोडण्याचे कारण नाही. मात्र निविदेतच एखादा शून्य उघडपणे जास्त पडला असेल, किंवा सत्तर पानांच्या जागी पन्नास पानांचा पुडा धरला गेला असेल, तर सशांच्या कातड्यांचा न्याय ग्रामसभेसही लागू होईल. उघड चुकीचा लाभ तिला घेता येणार नाही. ग्रामसभेचा करार राज्यपालांच्या नावे होत नसल्याने शासकीय करारांची औपचारिकता तिला आड येऊ नये, असे आमचे मत आहे. पण म्हणूनच लेखी स्वीकृती, अनामत रक्कम आणि एककाचा स्पष्ट उल्लेख या तीन गोष्टींकडे तिने अधिक दक्षतेने पाहिले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या देशात वाहनविक्रेत्याने चुकून छापलेल्या किमतीस गाडी दिलीच पाहिजे, असा सर्वसाधारण नियम नाही. जाहिरात हे आमंत्रण, आणि उघड चूक ही क्षम्य. पण १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याने दिशाभूल करणारी जाहिरात आणि द्यावयाची नसलेली स्वस्त किंमत जाहीर करणे हा अनुचित व्यापार ठरविला आहे. चुकणाऱ्यास सवलत आहे. चुकीचे ढोंग करून ग्राहकास दारात आणणाऱ्यास ती नाही. या दोहोंतील भेद छापील आकड्यावरून कळत नाही. चूक केव्हा कळली, कळल्यावर विक्रेत्याने काय केले, आणि समोरच्यास परत जाण्याचा मार्ग मोकळा होता किंवा नाही, हे पाहावे लागते. फळीवर पुडे मोजून देणाऱ्या बाईस तो मार्ग मोकळा नव्हता. म्हणून तिच्यापुरता जाहीर भाव हाच पक्का सौदा मानणे प्राप्त झाले.