‘पूर्वेचा मोती’ आणि सहा घाट

घाट म्हणजे काय, हे कोकणच्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडून ज्यांनी कधी कोल्हापूर वा बेळगावची वाट धरली, त्यांनी फोंडा, करूळ किंवा आंबोली यांपैकी एक तरी घाट अनुभवलेला असतोच. आमच्या बालपणी प्रवासी गाडी अर्ध्या घाटात हटकून थांबे. चालक बॉनेट उघडी, वाफेचा लोट उसळे, आणि झऱ्यावरून डब्यात भरून आणलेले पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाई. तोवर आम्ही मुले कठड्यावर बसून दरीतले धुके पाहत असू. गाडी बिनबोभाट वर चढली की ती चांगली. तिच्या वेगाची चौकशी कोणी करीत नसे.

याच निकषावर एका मोटारीने आपल्या सह्याद्रीत नाव मिळविले, ते 1908 साली.

ही मोटार म्हणजे रोल्स-रॉइस कंपनीची ‘40/50’ अश्वशक्तीची गाडी. हेन्री रॉइस हा गरिबीतून वर आलेला तंत्रज्ञ आणि चार्ल्स रोल्स हा सरदारपुत्र. दोघांची भेट मँचेस्टर येथे मे 1904 मध्ये झाली. 1906च्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनात त्यांची ही नवी गाडी लोकांपुढे आली. सहा सिलिंडर, सात लिटरांहून थोडे अधिक क्षमतेचे एंजिन, आणि आवाज इतका कमी की पुढे एका गाडीस ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे चंदेरी भूत, असे नाव पडले. 1907 साली ही गाडी सक्तीचा थांबा न घेता 14,371 मैल धावली. त्यानंतर तिचा प्रत्येक भाग सुटा करून तपासण्यात आला, आणि ती पुन्हा नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सुट्या भागांचा खर्च निघाला केवळ 2 पौंड 2 शिलिंग 7 पेन्स!

परंतु इंग्लंड-स्कॉटलंडचे रस्ते वेगळे आणि हिंदुस्थानचे वेगळे. येथील राजेरजवाड्यांना गाडी विकावयाची, तर येथील उन्हात, धुळीत आणि चढावर ती टिकते हे दाखविणे भाग होते. म्हणून याच जातीची एक गाडी ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे ‘पूर्वेचा मोती’, असे नाव देऊन मुंबईस आणण्यात आली. हिंदुस्थानात आलेली ही पहिली रोल्स-रॉइस मानली जाते. कंपनीतर्फे ती चालविण्याचे काम फ्रँक नॉरबरी याच्याकडे होते. 1908च्या मुंबई-कोल्हापूर विश्वसनीयता-चाचणीत ती उतरली.

अशा चाचण्यांत कोण आधी पोहोचले याला महत्त्व नसे. वाटेत कोण किती वेळा अडले, काय मोडले, याचा हिशेब ठेवला जाई. एकूण अंतर 620 मैल, आणि वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. मुंबई ते कोल्हापूर हे एका फेरीचे अंतर याच्या निम्म्याहूनही कमी आहे. तेव्हा स्पर्धकांना भरपूर वळसे पडले असले पाहिजेत, हे उघड आहे. त्या रस्त्यावरील बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावे आजही प्रवाशांच्या ओठी आहेत. मोत्याने हे सहाही घाट बिघाडाविना पार केले आणि चाचणी जिंकली.

ही सारी कंपनीची जाहिरातच होती, असे कोणी म्हटल्यास आम्ही नाकारणार नाही. मात्र वृत्तपत्रातील जाहिरातीस वाटेल ते बोलता येते, घाटावर तशी सोय नाही. शिवाय या विजयात आणखी एक वाटेकरी आहे. बोरघाटातून चाकांची वाहने नेणारा रस्ता 1830 साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. आपल्याकडे वेंगुर्ले बंदरातून आंबोलीमार्गे बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत रस्ता चढविला गेला, तोही अशाच हातांनी. कातळ फोडून ज्यांनी चढ सौम्य केला, त्यांची आठवण मोटारीच्या इतिहासात कोणी काढीत नाही. मोटार वर गेली, ती त्यांच्या श्रमांवरून गेली.

चाचणीनंतर गाडी विकत घेतली ग्वाल्हेरच्या महाराजांनी, माधवराव शिंदे यांनी. येथे एक योग आम्हांस मौजेचा वाटतो. शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड सातारा जिल्ह्यात आहे, आणि कोल्हापूरचा हमरस्ताही त्याच जिल्ह्यातून जातो. ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी मोती धन्याच्या मुलखातून फिरून आला होता म्हणावयाचा!

माधवराव यंत्रांचे विलक्षण शौकीन होते. त्यांच्या जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. ती पाहुण्यांपुढे मद्य व सिगार घेऊन येई. पण हा शौक मेजापुरता नव्हता. 1914 साली महायुद्ध पेटताच त्यांच्या पुढाकाराने एक बोट घेऊन तिचे ‘लॉयल्टी’ नावाचे रुग्णालय-जहाज करण्यात आले. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1919 मध्ये ते जहाज विकत घेतले, आणि नव्या कंपनीस नाव दिले ‘सिंदिया’. 5 एप्रिल 1919 रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. म्हणून 5 एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. दर्यावर पोट असलेल्या आमच्या किनाऱ्यास हे नाव त्या मोटारीहून जवळचे वाटले, तर नवल नाही. माधवरावांचे निधन 1925 साली पॅरिस येथे झाले.

कोल्हापूरच्या त्या यशाने रोल्स-रॉइसला संस्थानिकांची दारे उघडली. 1911च्या दिल्ली दरबारासाठीही तिच्याच गाड्या आणविल्या गेल्या. पुढे संस्थाने गेली, तनखे 1971 साली बंद झाले, आणि कित्येक गाड्या तबेल्यांत धूळ खात पडल्या किंवा परदेशी गेल्या. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 साली वेगळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. अशी गाडी प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीस, दुरुस्तीस वा इंधन भरण्यास रस्त्यावर आणता येते. नित्याच्या प्रवासास मात्र मनाई आहे.