भोंग्याच्या मशीनवर गिटार

नांदेडहून हिंगोलीकडे निघालात की कळमनुरी तालुक्यात आमचे आखाडा बाळापूर लागते. माझ्या लहानपणी इथल्या लग्नाच्या मांडवात एक कोपरा आम्हा पोरांचा ठरलेला असे. तिथे बाजेवर लोखंडी पेटी, शेजारी मोटारीची बॅटरी आणि लिंबाच्या झाडाला बांधलेला भोंगा. बटण फिरवले तरी आवाज लगेच येत नसे. आधी आतले काचेचे दिवे हळूहळू तांबूस व्हायचे, मग भोंगा खाकरायचा. लाऊडस्पीकरवाला त्या पेटीला नुसते ‘मशीन’ म्हणे.

परवा भंगारवाल्याच्या काट्यावर तसलेच एक मशीन दिसले. भाव होता लोखंडाचा आणि आतल्या तांब्याचा. मौज अशी की, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मंडळी जगभर अशाच जुन्या पेट्या शोधत असतात. हे कसे झाले, ते आज सांगायचे आहे.

त्या दिव्यांचे खरे नाव वॉल्व्ह. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी पहिला वॉल्व्ह बनवला. १९०६ साली अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी त्यात एक जाळी वाढवली. जाळीवर आलेला क्षीण विद्युत्‌संदेश पलीकडे मोठा होऊन निघू लागला. माणसाचा आवाज हजारोंच्या सभेत पोचवण्याची किल्ली ती हीच. आपल्याकडे काँग्रेसच्या सभांमधून मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे घुमले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर नानक मोटवाने यांनाही आरोपी करण्यात आले होते. पुढे ते सुटले. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये वॉल्व्ह बनू लागले आणि अहुजासारख्या नावांची मशीने खेड्यापाड्यांत दिसू लागली.

आमच्याकडे गिटार पोचली नव्हती. बेंजो मात्र पोचला होता. हा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा हा आपला भाऊबंद. त्याच्या तारांखाली चुंबकाचा ‘पिकअप’ बसवला आणि वायर मशीनमध्ये खोचली की वरात निघाली! विजेच्या गिटारीचे तत्त्वही हेच. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी या गिटारीवर चित्रपटगीतांच्या सुरावटी घराघरांत नेल्या.

विलायतेतही सुरुवात हाताशी असेल त्यातूनच झाली. १९६२ साली लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी अमेरिकन फेंडर अ‍ॅम्प्लिफायरची मांडणी समोर ठेवून, मिळतील ते भाग जोडून आपला अ‍ॅम्प्लिफायर उभा केला. १९६४ मध्ये ‘किंक्स’ या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने फाडला. त्यातून निघालेला खरखरीत सूर जगाने उचलून धरला.

गंमत इथेच आहे. सभेतल्या वक्त्याचा आवाज फाटला की लाऊडस्पीकरवाला शिव्या खाई. गिटारवाल्याला तोच फाटलेला सूर हवा असतो. ताकदीबाहेर काम पडले की ट्रान्झिस्टर सुराच्या लाटेचा माथा एकदम छाटतो. वॉल्व्ह तो हलकेच वाकवतो. म्हणून त्याचे फाटणेही कानाला गोड लागते.

अर्थात, वायर खोचली की काम झाले, असे नाही. भोंगा खर्जाचे सूर गाळतो, म्हणून कागदी पडद्याचा दहा-बारा इंची स्पीकर लागतो. मशीनमधून भोंग्यांच्या लांब तारांसाठी शंभर व्होल्टची लाइन निघते. ती सोडून आठ किंवा सोळा ओहमची जोडणी घ्यावी लागते. स्पीकर न जोडता मशीन जोरात चालवले, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जुने वाळलेले कंडेन्सर बदलावे लागतात आणि अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवावी लागते.

आणि एक गोष्ट जिवाची. आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. जुना मिस्त्री एक हात खिशात ठेवून काम करी. पोरांना ती ऐट वाटे. पण दोन्ही हात लागून विजेची वाट छातीतून जाऊ नये, म्हणून ती काळजी होती.

आज रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत वॉल्व्ह बनतात, विकत मिळतात. मिळत नाही तो खिशात हात ठेवणारा मिस्त्री. तो होता तोवर त्याची विद्या कुणी लिहून घेतली नाही, कारण ती विद्या आहे असे कुणाला वाटलेच नाही. तेव्हा तुमच्या माळ्यावर असे मशीन असेल, तर ते काट्यावर चढवण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या रेडिओ मिस्त्रीला दाखवा. आणि तो पेटी उघडेल, तेव्हा शेजारी एखादा पोरगा बसवा.

मी ते भंगारातले मशीन वजनाच्या भावात घरी आणले आहे. अजून प्लग लावलेला नाही. मिस्त्री शोधतो आहे.