जॉबर, केळुसकर गुरुजी आणि माझी मुलाखत

परवा लोअर परळला एका मुलीची मुलाखत घेतली. परदेशातल्या बिझनेस स्कूलला तिचा अर्ज आहे आणि मी तिथला माजी विद्यार्थी. बाहेरच्या बऱ्याच संस्थांत अर्ज पहिल्या चाळणीतून गेला की उमेदवाराच्याच शहरातला माजी विद्यार्थी त्याला भेटतो, गप्पा मारतो आणि आपलं मत संस्थेला कळवतो. फ्रान्सच्या इन्सियाडमध्ये तर अशा साधारण दोन मुलाखती होतात. घरी येताना स्वतःची मुलाखत आठवली आणि गिरणगावाचा इतिहासही. मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचा.

माझी मुलाखतही लोअर परळलाच झाली होती, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. समोरचे गृहस्थ सज्जन होते. "वडील काय करतात?" मी म्हणालो, "टेक्स्टाइलमध्ये होते." "अच्छा, म्हणजे फॅमिली बिझनेस!" मी हसलो आणि गप्प बसलो. वडील बदली कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. माझी निवड झाली, पण ते गप्प बसणं आजही सलतं.

आता आजोबांचं सांगतो. ते १९३० च्या सुमारास कोकणातून लालबागला आले. तेव्हा गिरणीत शिरायला ना अर्ज ना परीक्षा. जॉबर ठरवायचा. तो स्वतः कामगारांतूनच वर आलेला, आपल्याच वाडीत राहणारा. गाववाला, नातेवाईक, जातवाला बघून तो माणूस भरायचा. अडीनडीला पैसे द्यायचा आणि दस्तुरीही घ्यायचा. आजोबांना गाववाल्या जॉबरने लावलं, म्हणून आमचं घर मुंबईत उभं राहिलं. हे मी नाकारत नाही.

पण त्याच गिरण्यांत ज्यांना दार बंद होतं त्यांचं काय? विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, म्हणून सवर्ण कामगार विटाळाचं कारण पुढे करत. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. १९३१ साली व्हिटली कमिशनने जॉबरच्या हातातल्या भरतीवर टीका केली. १९३५ पासून गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं देऊन त्यांच्यातूनच माणसं घ्यायची पद्धत आणली. तरी जॉबरचं वजन काही एका दिवसात गेलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं, असं समजू नका. हार्वर्डमध्ये १९२२ च्या सुमारास पहिल्या वर्षाचा पाचातला एक विद्यार्थी ज्यू होता. अध्यक्ष लोवेल यांनी कोटा सुचवला, प्राध्यापकांच्या समितीने तो मानला नाही. मग १९२६ पासून परीक्षेच्या गुणांबरोबर 'चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व' मोजायला सुरुवात झाली, अर्जासोबत फोटोही मागितला जाऊ लागला. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण घसरलं. जॉबर गावाचं नाव विचारायचा, इथे व्यक्तिमत्त्व विचारलं. दोन्हीकडे आत बसलेला माणूस आपल्यासारखाच माणूस शोधत होता.

मग मुलाखत बंदच करावी का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारणही आपल्याच भागात आहे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर चर्नी रोडच्या बागेत जात. तिथे परळच्या चाळीत राहणारा एक मुलगा वाचत बसलेला दिसायचा. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. पुढे वडिलांना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनीच त्याची गोष्ट सयाजीराव महाराजांपर्यंत नेली. महाराजांनी त्याला समोर बसवून प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झालं आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली तोच मुलगा महाराजांच्याच मदतीने कोलंबिया विद्यापीठात गेला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. गुरुजी ना त्याच्या जातीचे, ना नात्यातले. ओळख तिथेही लागली, पण ती मुलाचं वाचन बघून झालेली ओळख होती.

म्हणून मी मुलाखत घेताना काही गोष्टी पाळतो. वडील काय करतात हे विचारत नाही. प्रश्न आधी लिहून ठेवतो, सगळ्यांना तेच. स्वतः उभं केलेलं एक काम सविस्तर सांगायला लावतो. "छान गप्पा झाल्या" या वाक्याला गुण देत नाही, कारण छान गप्पा बहुतेक वेळा आपल्यासारख्याशीच होतात.

परवाची ती मुलगी काळाचौकीची. न विचारता तिने सांगितलं, आई खाणावळ चालवायची आणि हिशेबाची वही ती स्वतः आठवीपासून लिहायची. उधारी कशी वसूल केली ते इतकं नीट सांगितलं की मी ऐकतच राहिलो. मला वीस वर्षांपूर्वी जमलं नाही ते तिने सहज केलं.

मुलाखतीला निघालेल्या आपल्या पोरापोरींना एवढंच सांगेन, घरचं लपवू नका. आणि खुर्चीच्या या बाजूला बसलेल्यांनो, आपण जॉबर होतोय की केळुसकर गुरुजी, हे मत पाठवण्याआधी एकदा तपासा.

तुमच्या घरात पहिली नोकरी कुणाच्या शब्दावर लागली होती? जरूर लिहा.