मोंते आल्बान
मोंते आल्बान हे मेक्सिको देशाच्या दक्षिणेकडील वाहाका राज्यातील प्राचीन नगराचे अवशेष असलेले पुरातत्त्वस्थळ आहे. झापोटेक संस्कृतीचे हे प्रमुख केंद्र वाहाका शहराच्या पश्चिमेस सुमारे ९ किलोमीटरवर, दरीच्या तळापासून सुमारे ४०० मीटर उंच डोंगरावर वसले होते. वाहाका शहराच्या ऐतिहासिक भागासह इ.स. १९८७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ‘मोंते आल्बान’ हे स्पॅनिश नाव नंतरच्या काळातील आहे.

इतिहास
नगराची स्थापना इ.स.पू. ५०० च्या सुमारास झाली. डोंगरमाथ्यावर पाण्याचा कायमस्वरूपी साठा नव्हता. तरीही तीन दऱ्यांच्या संगमावरील ही जागा संरक्षण व नियंत्रण या दृष्टींनी मोक्याची होती. उतारांवर पायऱ्यांसारखे सपाट टप्पे बांधून त्यांवर घरे उभारण्यात आली. भरभराटीच्या काळात येथील लोकसंख्या सुमारे २५,००० असावी, असा अंदाज आहे. मध्य मेक्सिकोतील तेओतिवाकान या महानगराशी नगराचे राजनैतिक संबंध होते. इ.स. ८०० नंतर नगराचा ऱ्हास होत गेला. झापोटेक समाज मात्र लोप पावला नाही. त्यांच्या भाषा आजही वाहाकामध्ये लाखो लोक बोलतात.

रचना
डोंगरमाथा सपाट करून तयार केलेला मुख्य चौक उत्तर-दक्षिण सुमारे ३०० मीटर लांब आहे. त्याच्या दोन्ही टोकांना उंच चौथरे आहेत. पूर्वेकडे चेंडूच्या खेळाचे मैदान आहे. चौकातील ‘जे’ या अक्षराने ओळखली जाणारी इमारत बाणाच्या टोकाच्या आकाराची असून तिची दिशा इतर वास्तूंशी जुळत नाही. तिच्या भिंतींतील कोरीव शिलांवर डोंगराचे चिन्ह व त्याखाली काही ठिकाणी उलटे मानवी मस्तक दिसते. मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी ही जिंकलेल्या गावांची नोंद मानली.

‘नर्तक’ शिला
येथील ३०० हून अधिक शिलांवर वाकड्यातिकड्या देहस्थितीतील नग्न पुरुष कोरलेले आहेत. त्यांच्या हालचाली नृत्यासारख्या भासल्यामुळे त्यांना ‘दान्सान्तेस’ म्हणजे नर्तक हे नाव पडले. परंतु अनेक आकृतींचे डोळे मिटलेले, तोंड उघडे आणि जननेंद्रियांच्या जागी रक्तासारखी नागमोडी चिन्हे आहेत. त्यामुळे ही मारल्या गेलेल्या युद्धबंद्यांची चित्रे असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात; स्वतःचे रक्त अर्पण करण्याच्या विधीचे हे चित्रण आहे, असाही एक पक्ष आहे. काही शिलांवर लेखनचिन्हेही आहेत. ती मध्य अमेरिकेतील सर्वांत जुन्या लेखनाच्या नमुन्यांत गणली जातात. नृत्याची कल्पना आता मागे पडली असली, तरी जुने नाव रूढ राहिले आहे.

सातवे थडगे
कासो यांनी इ.स. १९३१ मध्ये येथे उत्खनन सुरू केले. जानेवारी १९३२ मध्ये सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सोने, चांदी, पिरोजा, मोती आणि कोरीव हाडे यांचा मोठा ठेवा सापडला. थडगे मूळचे झापोटेकांचे होते. नगर ओस पडल्यानंतर काही शतकांनी मिश्टेक लोकांनी त्याचा पुन्हा वापर केला आणि हा ठेवा त्यांच्याच परंपरेचा मानला जातो. तो वाहाका शहरातील सांतो दोमिंगो मठाच्या संग्रहालयात आहे.

भेट
वाहाका शहरातून बसने डोंगरावर जाता येते. चौकात सावली अत्यल्प असल्याने सकाळची वेळ सोयीची ठरते. टोपी व पिण्याचे पाणी सोबत असावे. पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर असतो. प्रवेशद्वाराजवळील संग्रहालयात काही मूळ कोरीव शिला ठेवलेल्या आहेत. त्या आधी पाहिल्यास चौकातील शिलांचे तपशील ओळखणे सोपे जाते. दक्षिण चौथऱ्यावरून संपूर्ण नगराची मांडणी दिसते. सातव्या थडग्यातील वस्तू पाहण्यासाठी शहरातील संग्रहालयास स्वतंत्र वेळ द्यावा लागतो.