लिबर्टीतला मांडव

काँग्रेसचे अधिवेशन भरायचे ते शहरात, असा रिवाज होता. तो आमच्या फैजपुराने मोडला. डिसेंबर 1936 मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यातले पहिले अधिवेशन येथे भरले. नंदलाल बोस यांनी बांबूंनी ते नगर सजवले. आपण एकटे नाही, एवढे कळायलाही माणसाला कधीकधी मांडव लागतो, असे मी वर्गात सांगत असे. त्याचा खरा अर्थ मात्र मला पुढे मुंबईत कळला.

गोष्ट मे 2014 ची. सुट्टीत मी मुंबईस गेलो होतो. तेथे नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, एक सिनेमा दाखवतो. नाही रुचला तर मधूनच उठू." तो मला लिबर्टी चित्रपटगृहात घेऊन गेला. 1949 साली उघडलेले ते देखणे थिएटर. आत 'कशिश' हा समलिंगी माणसांविषयीच्या चित्रपटांचा महोत्सव चालला होता.

त्याचा इतिहास मी मागाहून जाणून घेतला. इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतील 377 व्या कलमाने असे संबंध गुन्हा ठरवले होते. जुलै 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांना त्यातून मोकळे केले, आणि 2010 साली श्रीधर रंगायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कशिश' सुरू केला. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्याला कालपर्यंत मोकळीक होती, तो पुन्हा गुन्हा झाला! तरी पाचच महिन्यांनी ही मंडळी कोपऱ्यात न दडता भर शहरातल्या थिएटरात जमली होती.

अंधारात शेजारी कोणी मोकळेपणी हसले. पाहतो तो माझा विद्यार्थी! वर्गात हा कधी मान वर करीत नसे. पोरे त्याच्या चालण्याची नक्कल करीत. एकदा मीही हसलो होतो. ते हसू मला तेथे आठवले आणि खुर्चीत बसवेना.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अखेर तो कलंक पुसला. रोहन कानवडे यांच्या 2019 च्या 'उ उषाचा' या लघुपटातली निरक्षर शेतमजूर बाई गावच्या शिक्षिकेच्या ओढीने अक्षरे गिरवू लागते. त्यांचाच 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून आला. त्या दोन्ही गोष्टी खेड्यातल्याच आहेत. असली माणसे शहरातच असतात, हा आपला समज किती पोकळ!

यंदा दिवाळीस तो गावी येणार आहे. फराळाला बोलावले आहे. त्या हसण्याची क्षमा मागायची राहिली आहे. ती चिवड्याच्या ताटलीआड लपवायची नाही, एवढे ठरवले आहे.