खाचरातला मासा रांजणात

जपानातल्या भातखाचरांतून दीडेक इंचाचा एक मासा असतो. त्याला मेदाका म्हणतात. ‘मे’ म्हणजे डोळा, ‘ताका’ म्हणजे उंच. १९०६ साली जॉर्डन आणि स्नायडर यांनी त्याच्या वंशाला ‘ओरायझियस’ हे नाव दिले, तेही भातावरूनच. (मुंबई इलाख्यातला त्याचा एक भाऊबंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली प्रथम वर्णिला. पण ती कथा निराळी.) इतिहासाच्या ग्रंथांत अशा जिवाला कोण विचारतो? मला मात्र त्याची हकीगत सांगावीशी वाटते.

एडो काळापासून जपानी माणूस हा मासा दारातल्या रांजणात पाळीत आला. त्याला ऊब द्यावी लागत नाही, हे त्यातले मर्म. हिवाळ्यात पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला तरी तो तळाशी स्वस्थ असतो. वसंतात दिवस तेरा-चौदा तासांचा झाला, पाणी कोमटले, की मादी पहाटे अंडी घालते. काही तास ती तिच्या पोटाखाली द्राक्षांच्या घोसासारखी लोंबतात. मग ती पाणवनस्पतींना चिकटवते. अंडी लागलेली पाने तेवढी दुसऱ्या भांड्यात हलवावी लागतात, नाहीतर आईबापच ती फस्त करतात! पाणी २५ अंशांच्या आसपास असले तर दहा-अकरा दिवसांत पिल्ले फुटतात.

रानातला मेदाका करडा. हौसेने नारिंगी आणि पांढरेही जपले. क्योटोच्या आयदा तात्सुओ यांनी या रंगांच्या पिढ्या मोजल्या आणि १९२१ साली दाखवून दिले, की लाल रंगाचा गुण वाय गुणसूत्रावरून बापाकडून मुलाकडे जातो. क्वचित तो एक्सवरही सरकतो. ऊब देण्याची यातायात नको असलेल्या, घरोघरच्या माशाने जीवशास्त्राला एवढे दिले.

आणि खाचराचे काय झाले? पाट सिमेंटचे झाले, ओढ्यांशी खाचरांचा संबंध तुटला, परके मासे शिरले. १९९९ साली मेदाका जपानच्या पर्यावरण खात्याच्या धोक्यातील प्राण्यांच्या यादीत आला. तेव्हा भल्या मनाच्या काहींनी घरचे मासे ओढ्यात सोडले. हे पुण्य मला पटत नाही. ओढ्याओढ्यांतला मेदाका एक नव्हे. जपानी समुद्राकडचा तर २०११ साली स्वतंत्र जाती ठरला. रांजणातला नारिंगी रक्ताचा मासा तिथे मिसळला, की हा भेद पुसला जातो.

ओकाझाकीच्या मूलभूत जीवशास्त्र संस्थेच्या आश्रयाने ठिकठिकाणांहून आणलेले वाण वेगवेगळे राखले जातात. प्रत्येकाला तो जिथून आणला त्या गावाचे नाव आहे.